एसीएम आणि सीएमए हे कंट्री संगीताचे पुरस्कार एकच का? नसतील तर दोन कशाला?

एकच नाहीत. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत, आणि त्याच्या या दोन पुरस्कारांची नावं इतकी सारखी आहेत की घोळ होणारच.

सीएमए म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशन. ती 1958 साली नॅशव्हिलला, म्हणजे टेनेसी राज्यातल्या कंट्री संगीताच्या माहेरघरी, सुरू झाली. रॉक अँड रोलच्या लाटेत रेडिओवरून कंट्री गाणी मागे पडत होती, म्हणून व्यवसायातली मंडळी एकत्र आली. पुरस्कार द्यायला त्यांनी 1967 उजाडवलं.

एसीएम, म्हणजे अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिक, 1964 ची आणि थेट कॅलिफोर्नियातली. खरी गंमत इथे आहे. नॅशव्हिलपासून हजारो मैलांवर, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहराच्या बारमध्ये बक ओवेन्स, मर्ल हॅगर्ड वगैरे मंडळी कडक इलेक्ट्रिक गिटारवर वेगळ्याच धाटणीचं कंट्री वाजवत होती. पश्चिमेकडच्या या कलाकारांना हक्काचं व्यासपीठ हवं होतं, ते या संस्थेने दिलं. पहिल्याच पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गायक ठरले बक ओवेन्स. म्हणजे संस्था उशिरा स्थापन झाली, पण पुरस्कारांत सीएमएच्या आधी! टीव्हीवर मात्र सीएमए 1968 मध्येच पोहोचली, एसीएमला सत्तरच्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

पुढे एसीएमचा पश्चिमी बाणा बराच विरला. सोहळा लास व्हेगासला रमला, 2015 मध्ये पन्नाशीसाठी टेक्सासच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये गेला, 2022 ला टीव्ही सोडून फक्त ॲमेझॉन प्राइमवर आला. आता दोन्हीकडे बहुतेक तेच चेहरे दिसतात. मला विचाराल तर नॅशव्हिल आणि कॅलिफोर्नियाची ती जुनी चुरसच जास्त मजेची होती.