घोडा रवंथ करतो का?

प्रश्न असा आला आहे : नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेवर लिहिताना 'घोडे सावलीत निवांत रवंथ करत उभे होते' असं एक वाक्य लिहिलं होतं, ते एका मित्रानं खोडलं. सावकाश चावत राहणं एवढाच रवंथचा अर्थ असेल, तर तो घोड्याला का चालू नये? आणि जोडीला, गुरांच्या पोटाला शेतीविषयक लेखांत 'ओटीपोट' म्हणतात ते बरोबर का?

मित्रानं खोडलं ते योग्यच केलं. घोडा, गाढव, डुक्कर यांपैकी कुणीच रवंथ करत नाही. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण करतात. उंटही करतो, त्याच्या पोटाला गायीसारखे चार नाही, तीनच कप्पे असले तरी. सावकाश चावण्याला मराठीत 'चघळणं' आहे. रवंथ म्हणजे एकदा गिळलेलं परत तोंडात आणून चावणं, आणि ते 'परत' वगळलं तर शब्दात काही उरत नाही.

शब्द जुना आहे. संस्कृत 'रोमन्थ'पासून आला. पाणिनीनं त्यापासून 'रोमन्थायते' हे क्रियापद साधायला सूत्र दिलं (३.१.१५), आणि पुढच्या वैयाकरणांना तेवढंही पुरलं नाही. त्यांनी अट घातली : हनुचलन, म्हणजे जबड्याची हालचाल हवी. किडा रोमन्थ, म्हणजे इथे मळाची गोळी, वळवत नेतो तिथे हे क्रियापद वापरायचं नाही, असं 'काशिका' या पाणिनीवरच्या टीकेत उदाहरण देऊन सांगितलं आहे. मित्रानं एक शब्द खोडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, या शब्दाबाबत काटेकोर असण्याची परंपरा मोठी आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार रद्द करतो तेव्हा सावलीत जमलेल्या हरणांना रोमन्थ करू दे म्हणतो. हरणांना, घोड्यांना नाही.

खात्री करायची असेल तर दुपारच्या वेळी लिंबाखाली बसलेल्या बैलाच्या मानेकडे बघा, तोंडाकडे नको. मानेच्या डाव्या बाजूनं एक गोळा खालून वर सरकतो. तो तोंडात आला की बैल त्यातलं पाणी आधी गिळतो आणि मग साधारण मिनिटभर, चाळीस-पन्नास वेळा जबडा आडवा फिरवत चावतो. गोळा खाली जातो, काही सेकंद सगळं थांबतं, आणि पुढचा वर येतो. चांगल्या कडब्यावरचं जनावर दिवसाचे सात-आठ तास यात घालवतं. या चावण्यात लाळ सुटते ती थोडीथोडकी नाही, मोठ्या गायीची दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाते. लाळेत खायच्या सोड्यासारखा क्षार असतो आणि पोटातलं आम्ल त्यामुळे ताब्यात राहतं. दुधाच्या आशेनं नुसती सरकीची ढेप आणि भरडा चारला, दादर ज्वारीचा कडबा आखडता घेतला, की रवंथ कमी, लाळ कमी, आणि पोट आंबलंच म्हणून समजा. 'गायीनं रवंथ सोडला' हे ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, हात ठेवून बघतो, तो उगाच नाही. पोट तिथेच असतं आणि धडधाकट जनावरात मिनिटाला एक-दोनदा हलताना हाताला लागतं.

घोड्याचं गणित वेगळं आहे. गवत-कडब्यातलं सेल्युलोज कुठल्याच सस्तन प्राण्याला स्वतःच्या पाचकरसांनी फोडता येत नाही, ते काम सूक्ष्मजीव करतात. गायीनं या जीवांना जठराच्या अलीकडे जागा दिली, घोड्यानं लहान आतड्याच्या पलीकडे, मोठ्या आतड्यात. फरक एवढाच, पण परिणाम दूरवर जातात. गायीच्या पोटात आंबवण होऊन अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, आणि तिच्या एकूण ऊर्जेतला साधारण ७० टक्के वाटा त्यांचाच असतो. साखर आतड्यातून फारशी मिळत नाही, यकृत ती प्रोपिऑनिक आम्लापासून बनवतं. शिवाय ते सूक्ष्मजीव पुढे वाहत जाऊन चौथ्या कप्प्यात आणि आतड्यात स्वतःच पचतात, म्हणजे प्रथिनांचीही सोय झाली. या व्यवहारात मिथेन तयार होतो आणि खाल्लेल्या ऊर्जेचा काही भाग त्याबरोबर हवेत जातो. तो बहुतेक ढेकरेवाटे जातो, लोक समजतात तसा मागून नाही. ढेकर अडली की पोटफुगी.

घोड्याला सूक्ष्मजीवांची प्रथिनं मिळत नाहीत, कारण ते तयार होतात तोवर लहान आतडं मागे पडलेलं असतं. कडब्यातून तो गायीपेक्षा कमी काढतो आणि ते भरून काढायला जास्त वेळ खात राहतो, मोकळा सोडला तर दिवसाचे चौदा-सोळा तास. उलट धान्याचं पिष्ट मात्र त्याच्या लहान आतड्यात थेट साखर होऊन रक्तात जातं, गायीसारखं आधी आंबत नाही. पळणाऱ्या घोड्याला चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, लागते ती म्हणून. तुमच्या वाक्यासाठी खरं तर हेच शब्द तयार आहेत : घोडे 'तोबऱ्यात तोंड घालून चंदी खात' होते, किंवा 'वैरण चघळत' होते. 'तोबरा भरणं' हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी सर्रास वापरतो आणि खुद्द घोड्यासाठी विसरतो, ही गंमतच.

हा फरक मराठीनं गोठ्याच्या दुसऱ्या टोकालाही नोंदवून ठेवला आहे. गाय-म्हशीचं शेण, घोड्या-गाढवाची आणि हत्तीची लीद, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या. शेण बोटांत घेऊन बघा, मऊ आणि एकजीव लागतं, कारण त्यातला प्रत्येक धागा रवंथात पुन्हा पुन्हा भरडला गेलेला असतो. सारवायला ते चालतं ते यामुळेच. लीद फोडली तर गवताचे धागे डोळ्यांना दिसतात, आणि कुंभार मातीत लीद कालवतो ती त्या धाग्यांसाठी. मात्र नियम करू नका. शेळी-मेंढी पक्क्या रवंथ करणाऱ्या, तरी त्यांचं शेण होत नाही, कारण त्यांचं मोठं आतडं बरंचसं पाणी शोषून घेतं. धुळ्याकडे ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या शेतात बसवतात ते या लेंडीखतासाठी. म्हणजे ही नावं पोटावरून पडलेली नाहीत, जे दिसतं त्यावरून पडली आहेत.

लाक्षणिक अर्थानं 'जुन्या आठवणींचा रवंथ' चालतो, कारण तिथे 'परत वर आणणं' शाबूत आहे. नंदुरबारकडे गुजराती कानावर पडते, त्यांचं 'वागोळवुं' याच दोन्ही अर्थांनी वापरतात. 'चर्वितचर्वण' मात्र आपण बोलण्या-लिहिण्यापुरतंच ठेवलं, गायीला कुणी ते लावत नाही.

आता ओटीपोट. गुरांना 'चार पोटं' म्हणतात, पण पोट एकच, कप्पे चार. पहिला सर्वांत मोठा, मोठ्या गायीत शंभर लिटरच्या वर मावतो. त्याला कोठीपोट, कोटीपोट, ओटीपोट अशी तिन्ही नावं छापून येतात. पुढचे जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. दूधपित्या वासराचं दूध पहिले कप्पे टाळून जवळजवळ थेट या खऱ्या पोटात उतरतं, म्हणजे जन्मल्यावर काही आठवडे वासरूही रवंथ न करणारंच असतं. माझं मत 'कोठीपोट'ला आहे. साठवणीची कोठी सगळ्यांना माहीत असते, आणि तो कप्पा साठवतोही. 'ओटीपोट' माणसाच्या बेंबीखालच्या भागासाठी इतकं रुळलं आहे की 'गाभण गायीच्या ओटीपोटावर ताण' असं वाचलं की नक्की कुठे हात लावायचा ते कळत नाही. पोटाचा पहिला कप्पा सांगायचा असेल तर कोठीपोटच लिहा.