हिमालयन की एक्सपल्स? पडली तरी खिशाला झेपेल ती घ्या

भाऊ, तुमचा मेल दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना कॅल्क्युलेटर घेऊनच बसलो. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. हे भाऊ २८ वर्षांचे, नागपुरात मानेवाड्याला आईबाबांसोबत राहतात, मिहानमध्ये नोकरी, हातात ५४,००० येतात. घरी १५,००० देतात, एसआयपी ८,०००, स्वतःचा खर्च आणि पेट्रोल धरून १४,०००. एफडी १,९०,०००, म्युच्युअल फंडात १,६०,०००. जुनी १२५ची गाडी आहे. पाडव्याला रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्यायची आहे, ऑन रोड कोटेशन ३,७२,०००, त्यातले १,२२,००० एफडी मोडून आणि २,५०,००० तीन वर्षांचं लोन. दुसरा पर्याय हिरोची एक्सपल्स २१०, कोटेशन २,०५,०००, पण "दादा, मन ४५०वरच आहे" असं स्वच्छ लिहिलंय. आणि शेवटच्या ओळीत, सहज सांगितल्यासारखं, की बाबा मे महिन्यात रिटायर होऊन राहिले, त्यांना बीपी आणि शुगर आहे आणि घरातला मेडिक्लेम त्यांच्याच कंपनीचा आहे.

माझ्यासाठी तुमचा मेल त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतो. पण आधी गाडीचं बोलतो, कारण मन तिथं आहे आणि मला ते समजतं, मी स्वतः ड्युअल स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी गाडी, चालवतो.

शोरूमवाल्यानं ७ टक्के सांगितले आणि बँक साडेअकरा म्हणते, म्हणून शोरूमचं फायनान्स स्वस्त वाटलं असं तुम्ही लिहिलंय. ते ७ टक्के फ्लॅट आहेत भाऊ. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता तरी व्याज मात्र तीनही वर्षं पूर्ण अडीच लाखांवर लागतं. २,५०,००० वर ७ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज ५२,५००, हप्ता साधारण ८,४००. बँकेचं साडेअकरा टक्के घटत्या शिलकीवर, तिथं हप्ता ८,२४४ आणि एकूण व्याज ४६,८०० च्या आसपास. ऐकायला ७ आहे पण बँकेच्या भाषेत तो पावणेतेरा टक्क्यांच्या वर जातो. लोन घ्यायचंच असेल तर टक्का विचारूच नका, हप्ता किती आणि किती महिने एवढं विचारा आणि गुणाकार घरी करा.

आता तुम्ही काय केलंय की ८,२५० हप्ता अधिक पेट्रोल, इथं हिशोब थांबवलाय. साध्या कम्युटर गाडीला ते चाललं असतं, ड्युअल स्पोर्टला नाही चालत, काहून की ही गाडी घेतोच आपण खराब रस्त्यासाठी. मी वर्षाला ६,००० किलोमीटर धरतो, ऑफिसला जुनीच गाडी न्यायची असं धरून (ती ३५,००० ला विकायचं म्हणता, विकू नका, का ते पुढे सांगतो). ४५० चं ॲव्हरेज २८ आणि पेट्रोल १०४ धरलं तर पेट्रोलचेच २२,३००. टायर ड्युअल पर्पज, पुढे २१ इंची मागे १७, जोडी दहा-बारा हजारांची, पंधरा हजार किलोमीटर चालली असं मानलं तर वर्षाचे ४,४००. चेन-स्प्रॉकेटचे बाजूला टाकायचे २,३००. सर्व्हिस, ऑइल, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड मिळून ९,०००. इन्शुरन्सचा ओन डॅमेज भाग (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) दर वर्षी साडेसहा हजार. आणि शेवटचा आकडा जो कोणीच धरत नाही, पडझडीचे १२,०००. एकूण साडेछप्पन हजार, महिन्याला ४,७००. हप्ता धरून महिन्याला १३,०००. हे माझे अंदाज आहेत, थोडं इकडेतिकडे होईल, पण ८,२५० वर काही येत नाही. हाच हिशोब २१० चा केला तर वर्षाचे छत्तीस हजार, म्हणजे महिन्याला ३,०००.

पडझडीचे १२,००० बघून तुम्हाला वाटलं असेल की हा माणूस घाबरवून राहिला. तर ऐका. तीन वर्षांपूर्वी श्रावणात पारशिवनीच्या पुढे एका टपरीवर चहासाठी थांबलो, गाडी साइड स्टँडवर लावली, मातीवर. आपली काळी माती पावसाळ्यात कशी असते तुम्हाला माहीतच आहे, वरून घट्ट दिसते. कप हातात आला नाही तोच स्टँड हळूहळू रुतत गेलं आणि गाडी आडवी. मी चालवत नव्हतो, स्पीड नव्हता, काही नव्हतं. क्लच लिव्हर वाकलं, इंडिकेटर तुटला, हँडल तिरपं झालं, आरसा गेला, टाकीला पोचा. उचलायला टपरीवाला आणि एक जण धावून आले, चिखलात आम्हा तिघांचे पाय सटकत होते. बिल ६,८०० रुपये. तेव्हापासून मी बॅगेत स्टँडखाली ठेवायला एक चपटी पत्र्याची थाळी घेऊन फिरतो. आणि हे नुसतं उभं राहून झालं, तुम्ही तर खिंडसीच्या मागच्या कच्च्या वाटा आणि काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमधले पांदण रस्ते म्हणता. पडणार भाऊ, ड्युअल स्पोर्ट चालवायला शिकणं म्हणजे पडायलाच शिकणं आहे. हिमालयनचं वजन १९६ किलो आहे, एक्सपल्स २१० साधारण १७० च्या आसपास. कागदावर पंचवीस-सव्वीस किलोचा फरक वाटतो, चिखलात एकट्यानं उचलताना तो फार मोठा असतो.

आणि माझा खरा मुद्दा इथंच आहे. ज्या गाडीचा अजून अडीच लाखांचा हप्ता बाकी आहे ती गाडी माणूस कच्च्यात घालायला कचरतो. मी पाहिलंय, ओळखीतल्या दोघा-तिघांकडे ४०० च्या वरच्या गाड्या आहेत, दर रविवारी वर्धा रोडनं तर्री पोह्यापर्यंत जातात आणि परत येतात, टायरच्या कडेच्या गोट्या अजून नव्या. गाडी उत्तम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ४५२ सीसी आणि ४० पीएसची ताकद लांबच्या टूरला सामान लादून जायला लाजवाब. पण तुम्ही ज्या जागा लिहिल्या त्या सगळ्या नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या आहेत, चिखलदरा सोडला तर. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, पेंच-ताडोब्याच्या सफारी गेटातून बाइक जात नाही, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत जॅकेट घालून कोणी फिरत नाही. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने, ते पण रविवार. त्याला २१० भरपूर झाली.

सरकारचा हिशोबही आता २१० च्याच बाजूनं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ चा १८ झाला आणि ३५० च्या वर सेस धरून ३१ होता तो सरळ ४० झाला. वरून आरटीओ टॅक्स किमतीवर टक्क्यानं, मोठ्या सीसीला टक्का पण जास्त. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स (समोरच्याच्या नुकसानीचा) एकदमच घ्यावा लागतो, जून २०२२ च्या दरांनी तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आहे आणि ३५० च्या वर १५,११७, जीएसटी वेगळा. हे सगळे पैसे गाडी विकताना परत येत नाहीत. ३,७२,००० मधले साठ हजारांच्या वर तर कागदांतच गेलेत, चाकात नाही.

इन्शुरन्सवरून आठवलं, कोणतीही गाडी घ्या पण झीरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ही दोन्ही ॲड ऑन घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या पार्टवर ५० टक्के कापतात, आणि ह्या गाडीत पडल्यावर तुटतं ते बहुतेक प्लास्टिकच. इंजिनात पाणी गेलं तर साधी पॉलिसी त्याला अपघात मानत नाही, आणि आपण पावसाळ्यात नाले ओलांडायला जातो. रेस, स्पीड ट्रायल असल्या स्पर्धांत गाडीला काही झालं तर क्लेम मिळत नाही, हे पण डोक्यात असू द्या. आणि दोन-तीन हजारांसाठी क्लेम करू नका, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, जातो, त्यासाठीच वरचा पडझडीचा फंड.

मेंटेनन्सचा बराचसा पैसा तुम्ही स्वतः वाचवू शकता. धुळीच्या राइडनंतर एअर फिल्टर उघडून बघायचा, उमरेडकडून आलं की माझ्या फिल्टरमधून चिमूटभर नाही, मूठभर धूळ निघते. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून ल्यूब, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. स्पोक तपासायला सक्करदऱ्याकडच्या माझ्या मेकॅनिकनं शिकवलं ते सांगतो, चाक उचलून फिरवायचं आणि छोट्या पान्यानं एकेका स्पोकला टिचकी मारत जायचं, घट्ट असलेला टिंग वाजतो, ढिला असलेला थप्प. थप्प वाजला की लगेच दुकानात, नाहीतर एक ढिला चार शेजारी ढिले करतो आणि मग रिमच वाकडी होते. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळीवर चिखल सुकू द्यायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा, सील टिकतं.

आता तुमची ती शेवटची ओळ. बाबा रिटायर झाले की ग्रुप मेडिक्लेम संपणार. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं वेटिंग असू शकतं (तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही), ते पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाडव्याला गाडी घेतली आणि पॉलिसी "बघू दिवाळीनंतर" वर गेली तर तेवढे महिने वेटिंग पुढे सरकलं, आणि नेमकं त्यात बाबांना ॲडमिट करावं लागलं तर एफडी मोडलेली आणि हप्ता चालू. बाबांना ह्याच आठवड्यात एचआरकडे पाठवा, ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि किती दिवस आधी अर्ज लागतो ते विचारू द्या, तसं जमलं तर आधीची वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात. प्रपोजल फॉर्मवर बीपी-शुगर स्वच्छ लिहा, एजंट कितीही नको म्हणो. आईबाबांच्या वयाला ४५,००० च्या आसपास प्रीमियम धरून ठेवा. ज्या २२ सप्टेंबरला मोठी गाडी महागली त्याच दिवसापासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेवढं तरी आपल्या बाजूनं झालं.

आणि बघा, तुमच्या हातात सगळं देऊन-घेऊन १७,००० उरतात. ४५० चे १३,००० गेले, उरले ४,०००. आईबाबांचा प्रीमियम महिन्यावर काढला तर ३,७५०. उरले अडीचशे रुपये. म्हणून ४५० ला माझं आत्ता सरळ नाही आहे.

माझं म्हणणं असं करा. पाडवा सोडा, दसऱ्याला २१० घ्या. मार्च ते सप्टेंबर सात महिने दर महिन्याला १३,००० आरडीत टाका, जणू ४५० चा हप्ता सुरूच झालाय. जमलं तर ९१,००० जमा होतात. एफडीतून गाडीला ४५,००० काढा, प्रीमियमला ४५,०००, मागे एक लाख राहतो त्याला हात नाही, म्युच्युअल फंडाला पण नाही. गाडीला कमी पडले ६९,०००, ते एका वर्षाचं लोन, साडेअकरानं हप्ता ६,१०० च्या जवळपास आणि सगळं व्याज साडेचार हजारांच्या आत. पुढच्या दसऱ्याला गाडी तुमच्या नावावर मोकळी. हा पावसाळा जाईल हे मला कळतं, नाल्यांचा खरा मोसम तोच असतो आणि तो हातचा जाताना जीव थोडा तुटेल.

सात महिन्यांत दोनदा-तीनदा आरडीचा हप्ता चुकला तर समजा की मोठ्या गाडीचा पण चुकला असता, आणि तेव्हा बँकेनं चेक बाउन्सचा चार्ज लावला असता.

जुनी १२५ विकू नका म्हटलं त्याचं कारण हे. मिहानला रोज जाण्यायेण्यात जाडे गोटीदार टायर डांबरावर घासले जातात, पैसे तिथं वाया जातात. शिवाय नवी गाडी एखाद्या पार्टसाठी आठवडाभर वर्कशॉपला अडकली तर ऑफिसला काय रिक्षानं जाणार. बोनसचे ४०,००० क्रॅश गार्ड आणि साइड बॉक्सला लावायचे म्हणता, त्यातले २५,००० आधी तुमच्या अंगावर लावा, चांगलं हेल्मेट, आर्मरवालं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट, नी गार्ड, ग्लोव्हज. क्रॅश गार्ड आणि हँड गार्ड उरलेल्यात बसतात, बॉक्स राहू द्या, आणि जे बाहेरून लावाल ते इन्शुरन्सला कळवा नाहीतर क्लेममध्ये धरत नाहीत.

४५० ची इच्छा मारा असं मी म्हणत नाही. दोन वर्षं २१० वर कच्च्यात चालवा, पगार वाढेल, लडाखचं खरंच ठरेल, तेव्हा २१० विकून फरक भरा, तेव्हा मी स्वतः हो म्हणेन. तोवर एचआर काय म्हणतं ते आधी कळवा, पॉलिसीचे कागद आले की सही करायच्या आधी मला दाखवा.