जमिनीवर बसून हरणाची शिकार करायला हलकी, सोबत नेता येईल अशी सीट कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतला हा तुमचा पहिलाच सीझन आहे, झाडावरच्या स्टँडची (मचाणाची) भीती वाटते, पार्किंगपासून मैलभर आत चालायचंय आणि एक किलोच्या आतली सीट हवी आहे. तो एक किलोचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. त्या एका किलोपायी माझ्या हातून जे झालं ते आठ वर्षं उलटली तरी मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथला बंदुकीचा सीझन नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो. मला या नादाला लावलं ते आमच्या साडूंनी. ते माझ्या बारा वर्षं आधी इकडे आले. हंटर एज्युकेशनच्या (शिकारीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या) कोर्सला माझं नाव त्यांनीच घातलं, माग काढायला, हरीण सोलायला त्यांनीच शिकवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण सीटच्या बाबतीत ते चुकले, आणि आजही ते मान्य करत नाहीत.

त्या वर्षी मी एक पाठ टेकायची बुटकी खुर्ची बघून ठेवली होती, दोन किलोच्या आसपासची. साडू म्हणाले, "अरे, आपण मांडी घालून जेवणारी माणसं, आपल्याला कसली खुर्ची लागते? ते ओझं गोऱ्यांना वाहू दे." मला पटलं. घरातली निळी योगा मॅट कापली, दुमडून पिशवीत टाकली आणि निघालो.

राज्याच्या नैऋत्येला, जिथे हिमनद्या कधी पोचल्याच नाहीत, तो सगळा डोंगर-दऱ्यांचा भाग आहे. सीझनचा दुसरा दिवस, रविवार. चार इंच बर्फ, पहाटे उणे नऊ सेल्सिअस. अंधारात सव्वा मैल चाललो, एका जाड ओकला पाठ लावून मांडी घातली. खाली दरीतून वर येणारी हरणांची वाट डाव्या हाताला राहील असा बसलो. मी उजव्या हाताने बंदूक धरतो. बसलेल्या माणसाची बंदूक डावीकडे सहज फिरते, उजवीकडे फिरत नाही. तेवढं शिकलो होतो.

पहिला तास छान गेला. दुसऱ्या तासात उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. हललो नाही, कारण हलायचं नाही हेच तर शिकवलं होतं. नवाच्या सुमारास मुंग्याही थांबल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला असं नव्हतं, पाय पूर्ण बधिर झाला होता.

नऊ वीसला मादी आली. उजवीकडून. साठ यार्डांवर, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. कानाच्या कडेला बर्फाचा चुरा चिकटलेला मला दिसत होता. माझ्याकडे मादीचा परवाना होता. मला फक्त कमरेतून वळून उजवा गुडघा वर घ्यायचा होता, त्याच्यावर कोपर टेकवायचं होतं. पाय हलेचना. लाकूड झालं होतं त्याचं. अर्धवट वळलो, कोपर हवेत, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर, आणि अशा अवस्थेत मी चाप ओढला. ओढायला नको होता. ती चूक माझीच, साडूंची नाही, मॅटचीही नाही.

तिच्या पाठीची कमान झाली, शेपूट खाली गेलं, आणि ती न पळता चालत झाडीत शिरली. ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढ्यावरून कळेल. जाऊन पाहिलं तर बर्फावर रक्त थोडंच होतं आणि त्यात हिरवट-तपकिरी घाण होती. गोळी पोटात गेली होती.

पोटात लागलेल्या हरणाच्या मागे लगेच जायचं नसतं. सहा-आठ तास थांबायचं. ते जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच मरतं. हुसकावलं तर मैलभर जातं आणि हाती लागत नाही. साडूंना फोन केला, ते त्यांच्या डोंगरावरून उतरून आले. आम्ही थांबलो. पण दुपारी एकनंतर बर्फ पडायला लागला आणि माग बुजायला लागला, तेव्हा थांबणंही शक्य राहिलं नाही. दीड वाजता निघालो. एका ओघळीत ती बसलेली सापडली, आम्हाला पाहून उठली, अजून तीनशे यार्ड गेली. दुसरी गोळी घातली तेव्हा तीन वाजत आले होते. म्हणजे ते जनावर साडेपाच तास तसं होतं. तिच्या पोटाखालचा बर्फ वितळून तिथली ओली पानं वर आली होती, आणि मी बराच वेळ त्या पानांकडेच बघत उभा होतो.

सीट म्हणजे सुखसोय असं जो म्हणतो त्याच्याशी माझं म्हणूनच भांडण आहे. सीट हा नेमबाजीचा भाग आहे. दुर्बिणीवर चारशे डॉलर घालणारी माणसं बसायला काय घ्यायचं म्हटलं की वजनकाटा काढतात.

आता तुमच्या कामाचं. आधी उंची बघा, मग वजन. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत, म्हणजे दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकतात आणि बंदूक स्थिर राहते. मी पाच फूट सात इंच आहे, मला दहा-अकरा इंचांची सीट बरोबर बसते. तुम्ही उंच असाल तर बारा. अठरा इंचांचं स्टूल असेल तर मांड्या आडव्या राहतात, कोपर टेकत नाही, आणि तुम्ही माझ्यासारखे हवेत नेम धरता. (धनुष्यबाण घेऊन तंबूसारख्या ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, बसणार असाल तर उलट उंच सीट हवी, नाहीतर धनुष्याचं खालचं टोक जमिनीला लागतं. तुम्ही बंदुकीचं म्हणताय असं धरून चाललोय.)

दुसरं, सीटची पुढची कड. दुकानात मिळणाऱ्या तिपाया हलक्या असतात, किलोभराच्या, म्हणून सगळे त्या उचलतात. त्यांचं कापड तिकोनी आणि इवलंसं असतं. थोडा वेळ बसलं की त्याची कड मांडीखाली रुतते, रक्त अडतं आणि पाय बधिर होतो. म्हणजे पैसे देऊन माझीच गोष्ट विकत घ्यायची. शिवाय तिपाईचे बारीक पाय ओल्या मातीत रुतून तिरके होतात. पाठ टेकता येणारी, रुंद कापडाची, पायांना चपटे टोप असलेली बुटकी खुर्ची घ्या. ती दीड ते दोन किलोची भरेल. तेवढं वजन न्या. खाण्याचे डबे कमी करा.

झाडाला पट्ट्याने बांधून झोळीसारखी लटकवायची सीटही मिळते. ती हलकी, आवाज न करणारी, उतारावर तर फारच चांगली, कारण उतारावर चार पायांची खुर्ची सपाट बसतच नाही. पण तिला हवं तिथे हवं तसं झाड लागतं. तुमच्या जागेवर झाडं भरपूर असतील तर हिचा विचार जरूर करा.

इथले जुने शिकारी वीस लिटरची प्लास्टिकची बादली आणतात, वर फिरतं झाकण. फिरता येतं हा मोठा गुण आहे, माझ्याकडे त्या दिवशी बादली असती तरी निभावलं असतं. पण शेतातून ट्रकने जागेपर्यंत जाणाऱ्यांसाठी ती ठीक. मैलभर चालताना ती प्रत्येक फांदीला धडकून ढोल वाजवते.

आवाज. ॲल्युमिनियमची खुर्ची दुकानात गप्प असते, थंडीत कुरकुरते. घेतल्यावर एक रात्र गॅरेजमध्ये गारठवा आणि सकाळी बसून डावी-उजवीकडे वळून बघा. जिथे आवाज येईल तिथे कापडी टेप गुंडाळा. वेल्क्रोचा कप्पा असेल तर तो कापून टाका; त्या शांततेत वेल्क्रो उघडणं म्हणजे हाका मारण्यासारखं आहे.

रंग. हरणाला लाल-नारिंगी नीट ओळखता येत नाही, पण निळा चांगला दिसतो. म्हणून अंगावर भडक नारिंगी चालतं आणि माझी निळी मॅट चालत नव्हती. आणि पुढे वसंतात टर्की पक्ष्याच्या शिकारीला हीच सीट नेणार असाल तर लाल, पांढरा, निळा यातलं काहीही सीटवर, पिशवीवर, रुमालावर नको. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि समोरचा शिकारी रंग बघून गोळी घालू शकतो. टर्कीला बसताना खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाठीशी घ्या.

खुर्चीवर फोमचा एक तुकडा मात्र ठेवाच, बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा. नुसत्या ताणलेल्या कापडाखालून थंडी सरळ वर येते.

साडूंचं म्हणणं अजून तेच आहे. दरवर्षी गणपतीला चार लोक जमले की ती गोष्ट निघते आणि ते म्हणतात, "इकडे येऊन आपली माणसं मऊ झाली. आपले आजे-पणजे रानात खुर्च्या घेऊन जात होते का?"

माझे आजोबा नेत होते. कणकवलीच्या बाजूला आमची भातशेती होती. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आलं की डुकरं उतरायची, आणि ते रात्र-रात्र बांधावर बसायचे. बहुतेक वेळा हवेत बार काढूनच काम भागायचं. पण नुसत्या जमिनीवर ते कधी बसले नाहीत. गोणपाटात भाताचा पेंढा ठासून भरायचे, दाभणात सुतळी ओवून त्याचं तोंड शिवायचे, आणि ती गादी बांधावरच्या जांभ्या चिऱ्यावर ठेवून वर बसायचे. गुडघे आपोआप वर यायचे, बंदूक गुडघ्यावर. मी लहानपणी त्या गादीवर बसलोय, पेंढा टोचायचा पण कितीही वेळ बसलं तरी खालून गारवा यायचा नाही. चिरा आणि गादी मिळून उंची किती व्हायची ते मी गेल्या वेळी गावी गेलो तेव्हा मोजलं. चिरा अजून तिथेच आहे. आठ इंच. वर पेंढा दाबला जाऊन तीनेक इंच धरा.

आमच्या माणसांनी अकरा इंचांची सीट बांधावर नेली होती, साडू, आणि ती कोणी गोऱ्याने शिकवली नव्हती.

काही गोष्टी राहिल्या. कंबरेचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर इतकं बुटकं बसू नका. उंच सीट घ्या आणि सोबत बंदूक टेकवायची काठी ठेवा, त्यानेही काम होतं. तुमचं राज्य तुम्ही लिहिलेलं नाही, तिथले नियम बघा. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन लागतंच, गन सीझनमध्ये कमरेवरचे निम्मे कपडे भडक नारिंगी हवेत (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतो). गन सीझनमध्ये राज्याच्या निसर्गसंपदा खात्याच्या (डीएनआर) जमिनीवर तंबूसारखं ब्लाइंड लावलंत तर त्यावर सगळ्या बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं. एच-१बी व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना असला की त्यातून सूट मिळते, पण आधी वकिलाला विचारा आणि परवाना सतत जवळ ठेवा. आणि हे कोणी महाराष्ट्रात बसून वाचत असेल तर तिकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणामागे बंदूक घेऊन जाणं हा गुन्हा आहे. भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला मात्र हीच अकरा इंचांची सीट न्या, फक्त पाय चिखलात रुततील, खाली फळी घाला.

खुर्ची घरी आली की जाड कपडे, बूट सगळं घालून तिच्यावर दोन तास न हलता बसा. मग एकदम उजवीकडे वळा. वळता आलं नाही तर परत करून दुसरी आणा, सीझनला अजून वेळ आहे.