धर्मग्रंथ शब्दशः घ्यायचे की रूपक म्हणून?

तुम्ही विचारलंय की धर्मग्रंथात लिहिलेलं जसंच्या तसं खरं मानायचं की रूपक समजून त्यातला अर्थ तेवढा घ्यायचा, आणि खाली लिहिलंय की वडील एक म्हणतात, तुम्ही एक म्हणता आणि जेवताना वाद होतात. आमच्या घरी याच गोष्टीवरून दोघं भाऊ सहा महिने एकमेकांशी बोललो नाही म्हणून लिहायला बसलो. मी तिवसा तालुक्यातला, आठ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मोठा भाऊ नागपूरला कॉलेजात शिकवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माझा राग रूपकवाल्यांवर जास्त आहे. शब्दशः मानणारा माणूस निदान पोथी उघडतो, सोवळ्यात बसतो, डोळे दुखेपर्यंत वाचतो. रूपकवाला बहुतेक वेळा पोथी न उघडताच सांगतो की ते सगळं प्रतीकात्मक आहे, आणि वर वाचणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळा होतो.

आमची माय चौथी शिकलेली. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक महिना आला की सव्वीस. कौंडण्यपूर आमच्यापासून जवळ, वर्धा नदीच्या काठावर, रुक्मिणीचं माहेर. मायसाठी रुक्मिणी म्हणजे आपल्या भागातली पोरगी, जी पार तिकडे द्वारकेला दिली. तिच्याबद्दल बोलताना तिचा आवाजच बदलतो, बाजूच्या घरची लेक सासरी गेल्यासारखा. एकदा भाऊ दिवाळीला आला होता, तेव्हा त्यानं समजावून सांगितलं की रुक्मिणी म्हणजे जीवात्मा, कृष्ण म्हणजे परमात्मा आणि कृष्णानं तिला पळवून नेलं ते हरण म्हणजे जिवाची ओढ. माय भाकर थापता थापता थांबली आणि म्हणाली, "मंग कौंडण्यपूर का हवेत हाय काय?" भाऊ हसला. मला तेव्हाच ते हसू लागलं होतं, पण सण होता, गप्प बसलो.

आता २०१९ चा जून. पाऊस लांबलेला, पेरणीची वाट पाहणं सुरू, ऊन असं की दुपारी बैल झाडाखालून हलत नव्हते. त्यात ज्येष्ठातली निर्जला एकादशी. मायला सात वर्षांपासून शुगर. डॉक्टरनं सांगितलेलं होतं की गोळी रोज घ्यायची, जेवणाच्या आधी. मायनं त्यातलं 'रोज' पकडलं आणि 'जेवण' सोडलं. सूर्य उगवायच्या आत पाण्यासोबत गोळी घेतली आणि मग दिवसभर ना अन्न ना पाणी. डॉक्टरचंही पाळलं, पोथीचंही पाळलं. अकराच्या सुमारास माझी बायको वावरात धावत आली. घरी जाऊन पाहतो तर माय घामानं भिजलेली, मला ओळखत नाही, मेलेल्या मावशीशी बोलून रायली. हात थरथरतात. तोंडात साखर घालायला गेलो तर दातखिळी. जीपमध्ये टाकून नेलं तेव्हा शुगर निघाली ४६. सत्तरच्या खाली गेली की धोका असतो, ही तर ४६. शिरेतून साखर दिली तेव्हा अर्ध्या तासानं तिनं माझं नाव घेतलं. तो अर्धा तास मी अजून विसरलो नाही.

संध्याकाळी भाऊ नागपूरहून गाडी घेऊन आला. धावत आला, रडला, ते मी नाकारत नाही. पण मग पलंगाजवळ बसून, मायला सलाइन लागलेली असताना, त्यानं सुरू केलं की माय, उपवास म्हणजे उप-वास, देवाच्या जवळ राहणं, निर्जला म्हणजे पाणी सोडणं नाही, विषयांचं पाणी सोडणं, हे सगळं रूपक आहे, तुम्ही लोक शब्द धरून बसता म्हणून जिवावर येते, हा अडाणीपणा आहे. मायनं भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, "मंग मी चाळीस वर्सं का केलं?"

मी भावाला बाहेर काढलं आणि व्हरांड्यात जे नको ते बोललो. त्यानं मला अंधश्रद्धा पोसणारा म्हटलं, मी त्याला म्हटलं की तू वर्षातून दोनदा येतो, मायचं दुखणं मी काढतो, मायचा देव कोण हे तू ठरवू नको. त्यानंतर सहा महिने फोन नाही.

आणि झालं काय? त्याच्या रूपकानं मायनं उपवास सोडला का? नाही. लपवायला लागली. पुढच्या एकादशीला मला म्हणाली फराळ केला, आणि पोरीनं सांगितलं की आजीनं साबुदाण्याची उसळ कुत्र्याला टाकली. मी घाबरलो. आमच्यापासून अकरा किलोमीटरवर एक कीर्तनकार बुवा राहत, तेव्हा ऐंशीच्या घरात होते, आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले. मोटारसायकल काढली आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. म्हटलं बुवा, तिला सांगा की उपवास करू नको. बुवा म्हणाले, "तसं मी नाही सांगणार. तिचं व्रत हाय. पण मी येतो."

आले. चहा घेतला आणि मायला विचारलं, "बाई, शास्त्रात लिवलेलं सगळं मानतेस ना?" माय म्हणाली हो. "मंग हेही मान." आणि श्लोक म्हटला, विदुरानं धृतराष्ट्राला सांगितलेला, महाभारतातल्या उद्योगपर्वातला:

अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हवी म्हणजे यज्ञात अर्पण करायचं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. मग बुवांनी भीमाची गोष्ट सांगितली, की निर्जलेला भीमसेनी का म्हणतात, कारण भीमाला भूक सोसवत नव्हती, चोवीस एकादश्या त्याच्यानं होत नव्हत्या, म्हणून व्यासांनी त्याला वर्षातून एकच करायला सांगितली. "म्हंजे बाई, ह्या व्रताचा उगमच एका सवलतीत हाय. भीमासारख्या धडधाकट माणसाले सवलत देणारा व्यास तुले गोळीपुरतं पानी अन् फळ नाकारीन काय?"

मायनं विचारलं, "हे खरंच लिवलं हाय काय बुवा?" बुवांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर श्लोक लिहून दिला. ते पान आजही देवघराच्या भिंतीला चिकटवलेलं आहे. त्या दिवसापासून माय एकादशीला पाणी पिते, दूध घेते, केळ खाते आणि गोळी 'औषध' म्हणून घेते. तिचं व्रत एका दिवसानंही मोडलेलं नाही. २०२३ ला अधिक श्रावण होता, पूर्ण महिना काढला, शुगर एकदाही खाली गेली नाही.

मी हे सांगतोय ते यासाठी की मायला वाचवलं ते रूपकानं नाही, शब्दानंच वाचवलं, फक्त पूर्ण शब्दानं. शब्दशः वाचणाऱ्यांची चूक ही नसते की ते शब्दशः वाचतात, चूक ही की अर्धंच वाचतात, जसं मायनं डॉक्टरचं अर्धं ऐकलं. एक ओळ पकडतात आणि चार पानांपुढे त्याच व्रताला दिलेली सूट कोणी त्यांना दाखवत नाही, कारण दाखवणाऱ्यानं स्वतः वाचलेलं नसते.

बुवांना सोडायला गेलो तेव्हा रस्त्यात मी तुमचाच प्रश्न विचारला होता, की मग रूपक कधीच नाही का? ते म्हणाले की आपल्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणाऱ्या पंडितांनी, हे केव्हाच लावून ठेवलं आहे. वेदात वाक्य आहे की यजमान हा प्रस्तर आहे, प्रस्तर म्हणजे दर्भाची जुडी. आता माणूस काही दर्भाची जुडी नसतो, म्हणून तिथं गौण अर्थ घ्यायचा, म्हणजे ती जुडी यज्ञात यजमानाचं काम करते. जिथं 'हे कर' असं सांगितलं तो विधी, आणि जिथं करणाऱ्याला हुरूप यावा म्हणून स्तुती केली तो अर्थवाद. हे केलं की ते मिळते असं फळ सांगणारी वाक्यं पुष्कळदा या दुसऱ्या पोत्यात जातात. आणि शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या भाष्यात म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. म्हणजे डोळ्याला दिसते त्याच्या आड पोथी येऊ शकत नाही, हे मानायला नास्तिक व्हावं लागत नाही. ज्ञानेश्वरीची सुरुवातच पाहा, गणपतीच्या मूर्तीत सगळी शास्त्रं बसवली आहेत, सहा हात म्हणजे सहा दर्शनं. तिथं माउली स्वतःच रूपक करून दाखवतात. जिथं ग्रंथच सांगतो की हे रूपक आहे तिथं ते रूपक. आपल्याला अडचणीचं झालं म्हणून ते रूपक होत नाही.

या शेवटच्या वाक्यावर माझा एक मित्र मला नेहमी अडवतो, तो आमच्याच गावच्या बौद्धपुऱ्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि त्याचं म्हणणं टाळून तुम्हाला उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. तो म्हणतो, तुझ्या मायला पोथीनं केळ दिलं, आमच्या आजीला त्याच शास्त्रांनी विहिरीवर पाणी नाकारलं, तिथं कोणता सूट देणारा श्लोक होता? बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात, जे मंडळानं होऊ दिलं नाही आणि त्यांनी स्वतः छापलं, हाच मुद्दा मांडला आहे. शास्त्रं व्याकरणानं नीट वाचली तर त्यांचा अर्थ वेगळा निघतो, असं लोकांना सांगून उपयोग नाही, लोकांनी ती कशी समजून घेतली आणि कशी पाळली हे महत्त्वाचं. मनुस्मृती त्यांनी १९२७ ला महाडला जाळली ती रूपक म्हणून नाही, शब्दांचा अर्थ जसाच्या तसा धरूनच जाळली. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधतही नाही, कारण तो बरोबर आहे. जो शब्द माणसाला माणसातून काढतो त्याला रूपकाची शाल पांघरून घरात ठेवायचा नसतो, सरळ नाही म्हणायचं असते. आम्हा कुणब्यांनाही वेदाचा अधिकार नव्हताच, तरी तुकोबा म्हणाले, "वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वहावा भार माथां ।" ते अर्थ सांगायचा हक्क घेऊन मोकळे झाले, कोणाला विचारत बसले नाहीत.

तर तुमच्या वादाबद्दल. वडील नेमकं काय शब्दशः मानतात हे तुम्ही लिहिलं नाही. ते जर व्रत, वारी, देवाची गोष्ट असेल आणि त्यानं कोणाचं वाईट होत नसेल तर जेवताना त्यांना प्रतीकं शिकवू नका. तब्येतीवर येत असेल तर त्यांच्याच ग्रंथात सूट शोधा, बहुतेक वेळा सापडते, आणि त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या तोंडून सांगा. दुसऱ्या माणसाचा अपमान करणारं काही असेल तर मात्र ताटावरच भांडा.

एक राहिलं. श्लोकात औषध आहे म्हणून कोणी उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊ नका, आमच्याकडे जे झालं ते त्यानंच झालं. मायची गोळी एकादशीपुरती डॉक्टरनं बदलून दिली आहे, ती तिच्यापुरती, तुमच्या घरी कोणाला असेल तर आधी विचारा. साबुदाण्यानं शुगर झपकन वाढते, तेही लक्षात ठेवा.

भाऊ हे वाचतो हे मला माहीत आहे. आता आम्ही बोलतो, पण त्या व्हरांड्यातल्या गोष्टीचं नाव दोघंही काढत नाही. दादा, कार्तिकात कौंडण्यपूरला यात्रा असते. गाडी घेऊन ये, मायला ने, आणि नदीच्या काठावर ती रुक्मिणीचं सांगायला लागली की पूर्ण ऐकून घे.