भूल, साखर आणि मेंदूची वेस

आईचं वय ७४, वीस वर्षांचा मधुमेह. खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. शेजारचे काका भुलीनंतर दोन दिवस असंबद्ध बोलत होते. भुलीचं औषध मेंदूत शिरतं का? – एक वाचक, कोथरूड

शिरतं. न शिरलं तर भूल चढणारच नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं बरंच काही वेशीबाहेरच राहतं. हाच ब्लड-ब्रेन बॅरियर. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बाकी अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. चरबीत विरघळणाऱ्या औषधांना ही वेस अडवत नाही. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते सोयाबीन तेलात विरघळवून त्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले असतात. हाताच्या शिरेतून गेल्यावर साधारण मिनिटभरात पेशंट गाढ झोपतो.

उलट उदाहरणही आम्हा भूलतज्ज्ञांच्याच ट्रॉलीत आहे. अ‍ॅट्रोपिन आणि ग्लायकोपायरोलेट ही हृदयाचे ठोके मंदावले की द्यायची औषधं, सख्खी भावंडं. पहिलं मेंदूत जातं आणि वयस्कर माणसाला गोंधळवू शकतं; दुसऱ्याच्या रेणूवर विद्युतभार असल्याने ते जवळजवळ बाहेरच राहतं. म्हणून ज्येष्ठांसाठी माझा हात आधी दुसऱ्याकडे जातो.

राहिला काकांचा प्रश्न. म्हाताऱ्या उंदरांना भुलीचे वायू दिल्यावर ही वेस सैल झालेली प्रयोगांत दिसली आहे. पण उंदरावरून थेट आईवर उडी मारू नका. ऑपरेशनच्या जखमेमुळे शरीरभर दाह उठतो, त्यानेही वेस सैलावते. त्यात वय, वेदना, जागरण आणि अनोळखी खोली. एका आजोबांनी रात्री दोनला सिस्टरना विचारलं, "स्वारगेटची बस गेली का हो?" सकाळी मुलाने कानयंत्र लावलं, चष्मा दिला, शेजारी बसून चहा पाजला. दुपारी आजोबा बिलाची चौकशी करायला लागले. तेव्हा आईचा चष्मा घरी कपाटात सुरक्षित ठेवू नका, पहिल्या रात्री ओळखीचं कुणीतरी जवळ असू द्या.

उपाशीपोटी साखर १३० आली, तरी एचबीए१सी ८.६ म्हणून माझं ऑपरेशन पुढे ढकललं. हा तपासण्या वाढवायचा प्रकार तर नाही? – निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

शंका पेठेला शोभणारी आहे, पण नाही. उपाशी साखर त्या सकाळची गोष्ट सांगते. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. एन्झाइमच्या मदतीविना साखर प्रथिनाला अशी चिकटते, तेच ग्लायकेशन. खारी भट्टीत तांबूस होते ती याच जातीच्या रासायनिक क्रियेने. आपल्यात ती ३७ अंशांवर, वर्षानुवर्षं चालते.

लाल पेशी तरी बदलते. रक्तवाहिनीच्या अस्तराखालचं कोलॅजन हे आधार देणारं प्रथिन फार सावकाश बदलतं, तिथे साखरेमुळे त्याचे धागे एकमेकांत अडकून ते ताठर होतं. शिवाय मेंदूच्या वाहिन्यांच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्शुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात साखर चढली की त्यांच्यातही चढते. ग्लायकेशनमधून तयार झालेली द्रव्यं या पेशींवरच्या 'रेज' नावाच्या ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूला, चिकटली की दाह सुरू होतो आणि पेशींचे सांधे सैलावतात. म्हणजे वेस ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून झिजत असते. भुलीच्या दिवशी ती आमच्यासमोर येते इतकंच. जखम चिघळण्याचा धोकाही साखरेबरोबर वाढतो. ऑपरेशन तातडीचं नसेल, तर ८.५ च्या वर थांबून साखर आटोक्यात आणावी असं मीही सांगितलं असतं.

पूर्ण भुलीऐवजी कमरेत इंजेक्शन घेतलं तर मेंदू सुखरूप ना? – हडपसर

लोकांना तसं वाटतं, आम्हालाही वाटायचं. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १६०० रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण भूल आणि कमरेतलं इंजेक्शन, दोन्ही गटांत भ्रमाचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. फुप्फुसं, पाठ, रक्त पातळ करायच्या गोळ्या बघून भूलतज्ज्ञाला निवड करू द्या.

ऑपरेशनच्या आधी आठवडाभर गोड पूर्ण बंद केलं तर? – औंध

जिलबी जरूर सोडा, पण आठवड्यात एचबीए१सी फारसं हलणार नाही. जेवण तोडून गोळ्या तेवढ्याच घेऊ नका. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा वीस टक्के खातो. साखर एकदम उतरली तर पहिला तोच गडबडतो. मधुमेहाच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात, काही नाही. गोळ्यांची पाकिटंच घेऊन या. "ती पांढरी, छोटी" यावरून मला काही कळत नाही.