हळदीचा अर्क, एन्झाइम आणि फसवा आकडा

प्रश्न : वायगाव हळदीचा ॲसिटोनमधला अर्क आम्ही एका एन्झाइमवर तपासला. वाचन फ्लुओरेसन्सवर, म्हणजे चमक मोजून. 10 मायक्रोमोलरला एन्झाइम जवळपास बंद पडलं, पण टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या चाचणीत) पिवळे तीन डाग येतात. औषधाची दिशा सापडली म्हणायची का? शिवाय मे महिन्यात सॉक्सलेटमधलं (अर्क काढायच्या काचेच्या उपकरणातलं) ॲसिटोन निम्मं उडून जातं.
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, समुद्रपूर (जि. वर्धा)

उत्तर : आधी ॲसिटोनचं सांगतो. ते 56 अंशांना उकळतं आणि मेमध्ये आपल्याकडे टाकीचं पाणीच तापलेलं असतं. अशा पाण्यावर कंडेन्सर (वाफ थंड करणारी नळी) वाफ धरत नाही. बादलीत बर्फ टाका आणि कूलरच्या पंपानं तेच पाणी फिरवत ठेवा. पंप आणि हीटिंग मँटल (फ्लास्क तापवणारी शेगडी) एकाच बोर्डावर लावा, म्हणजे लाइन गेली की दोन्ही सोबतच थांबतात. ॲसिटोनच्या आधी हेक्झेननं तेल काढून घ्या, नाहीतर अर्क चिकट राहतो.

तीन डाग म्हणजे भेसळ नव्हे. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल 95:5 मध्ये सगळ्यांत वर कर्क्युमिन (हळदीतला मुख्य पिवळा रेणू), त्याखाली त्याचेच भाऊबंद : आधी डेमेथॉक्सी, तळाशी बिसडेमेथॉक्सी. पण मायक्रोमोलर हा आकडा रेणुभारावरून काढतात आणि मिश्रणाला एकच रेणुभार नसतो, तेव्हा तुमचे 10 मायक्रोमोलर आले कुठून? अर्कासाठी मायक्रोग्रॅम प्रति मिली लिहा. मायक्रोमोलर फक्त कॉलमवर वेगळ्या केलेल्या कर्क्युमिनसाठी, रेणुभार 368.4 धरून.

दिशा सापडली का, तर इतक्यात नाही. कर्क्युमिन जवळपास कुठल्याही चाचणीत 'हो' म्हणतं. औषधरसायनात अशा, चाचणीला फसवणाऱ्या रेणूंना 'पेन्स' (PAINS) म्हणतात. वायगाव हळदीत कर्क्युमिन मुळातच जास्त, त्यामुळं गफलतही मोठी. ते 425 नॅनोमीटरच्या आसपास उजेड गिळतं आणि स्वतःही चमकतं. तुमच्या प्रॉडक्टची (एन्झाइमच्या क्रियेतून तयार होणाऱ्या पदार्थाची) चमक त्याच पट्ट्यात असेल तर आकडा पडतो आणि एन्झाइम बंद पडल्यासारखं वाटतं. एन्झाइम न घालता, तयार प्रॉडक्टमध्येच अर्क टाकून वाचा. तरीही आकडा पडला तर एन्झाइमचा काही संबंध नाही.

दुसरी चाचणी ट्रायटन एक्स-100 ची, म्हणजे साबणासारख्या एका द्रव्याची. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) 0.01 टक्का टाकून प्रयोग पुन्हा करा. रोध (एन्झाइमचं बंद पडणं) नाहीसा झाला तर रेणूंचे गठ्ठे एन्झाइमला चिकटत होते, एवढंच. त्याआधी ट्रायटननं एन्झाइमच मंदावत नाही ना, हे अर्काशिवाय बघा.

वेळही सांभाळा. पीएच 7.2 च्या बफरमध्ये, 37 अंशांवर, सीरम (रक्तातला द्रव भाग) नसताना अर्ध्या तासात 90 टक्के कर्क्युमिन तुटतं. तासभर अर्कासोबत ठेवून वाचन घेतलं असेल तर शेवटी मोजलं ते तुकड्यांचं काम. डीएमएसओ या द्रावकातलं द्रावण त्याच दिवशी करा आणि कंट्रोलमध्ये (अर्क नसलेल्या नमुन्यात) तेवढंच डीएमएसओ घाला.

यातून रोध टिकला तर शुद्ध कर्क्युमिनच्या आठ सांद्रता घेऊन, प्रत्येक तीनदा मोजून आयसी-50 (एन्झाइम निम्मं बंद करणारी सांद्रता) काढा.