'सिट-इन'ला ठिय्या म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवरचा एक लेख मराठीत आणताना 'सिट-इन' (आत जाऊन बसून राहण्याचं आंदोलन) या शब्दासाठी 'ठिय्या' लिहावं की 'धरणे'? प्रश्नकर्त्याने पहिलं वाक्य असं केलं आहे: 'विद्यार्थ्यांनी वुलवर्थमध्ये ठिय्या दिला.'

मला हे दोन्ही शब्द इथे नकोत. का, ते सांगायला आधी त्या दुकानात जावं लागेल.

१ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ या दुकानसाखळीच्या तिथल्या दुकानात गेले. आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या आणि मग खाण्याच्या काउंटरसमोरच्या उंच स्टुलांवर बसून कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी विसाहून जास्त जण आले आणि वह्या-पुस्तकं उघडून अभ्यास करत बसले. आठवडा संपेपर्यंत हा आकडा शेकड्यांत गेला.

आता यातली मेख बघा. वुलवर्थला कृष्णवर्णीय गिऱ्हाईक चालत होतं. त्याचे पैसे चालत होते, उभ्याने काही खाल्लं तरी चालत होतं. चालत नव्हतं ते फक्त गोऱ्यांच्या शेजारी बसून खाणं. म्हणजे सगळा झगडा 'बसणे' या एका क्रियापदाचा होता. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिला शब्द म्हणतात तो 'बसा', आणि अपमानाची परिसीमा सांगायची तर 'भरल्या ताटावरून उठवलं' म्हणतात. त्या मुलांना ताट मिळण्याआधीच उठवत होते, आणि ती उठत नव्हती.

'धरणे' हा जुना, जोरकस शब्द. कर्ज बुडवणाऱ्याच्या दारात सावकार, नाहीतर पगार थकलेला शिपाई उपाशीपोटी बसे, तो धरणेकरी. त्याचं काही बरंवाईट झालं तर पाप घरमालकाच्या माथी, हा त्यातला दाब. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८व्या कलमाच्या उदाहरणात देवाच्या कोपाची भीती घालणारं हेच धरणं होतं. 'ठिय्या'त देवाचा कोप नाही, पण बसायची जागा तीच: दाराबाहेर. तहसील कचेरीसमोर ठिय्या देतात तो आत बसलेल्या साहेबाने काही द्यावं म्हणून. दोन्हींत बसणं हे साधन आणि मागणी वेगळी. ग्रीन्सबरोत बसणं हीच मागणी होती, आणि ते बसले त्या क्षणी त्यांनी ती स्वतःपुरती अमलातही आणली होती.

आपल्या इतिहासात याच्या सर्वांत जवळचं काय, तर महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्याकाठी अर्ज घेऊन गेले नव्हते. ते पाणी प्यायले. या कृतीला मराठीने तेव्हाच नाव दिलं आहे: सत्याग्रह. म्हणून माझा शब्द 'बैठा सत्याग्रह'. बैठी चाळ, बैठं काम, बैठा खेळ यांतला 'बैठा' आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

'सत्याग्रह' हा शब्द आपण त्यांच्यावर लादतो आहोत, अशी शंका कुणी घेईल. इथे नागपूर मदतीला येतं. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारून तुरुंगात गेलेले अमेरिकन कार्यकर्ते जेम्स लॉसन सुटकेनंतर, १९५३ मध्ये, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे ते मुलांना खेळांचं प्रशिक्षण देत आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत. मायदेशी परतल्यावर टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. पुढे चळवळीचे नेते झालेले डायन नॅश, जॉन लुईस याच कार्यशाळांतले. तिथे रंगीत तालीम होई: काही जण स्टुलावर बसणारे, बाकीचे शिव्या देणारे, ढकलणारे. प्रत्यक्ष बसायला जाताना हातात नियमांची यादी असे. उलट हात उचलू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. १९६०च्या फेब्रुवारीच्या अखेरीस ऐंशीच्या आसपास विद्यार्थी पकडले गेले, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी दंड भरायचं नाकारून तुरुंग पत्करला. लॉसन यांना त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकलं. १० मेपासून नॅशव्हिलचे काउंटर सर्वांना वाढू लागले. ग्रीन्सबरोचं वुलवर्थ २५ जुलैला नमलं. याला सत्याग्रह म्हणायचं नाही तर कशाला?

व्याकरणाच्या अंगानेही हा शब्द सोयीचा आहे. इंग्रजीत 'सिट-इन'मागून त्याच साच्यातले शब्द आले: बंदी असलेल्या समुद्रकिनाऱ्यावर पाण्यात उतरणं ते 'वेड-इन', गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकणं ते 'नील-इन', ग्रंथालयात पुस्तक उघडून बसणं ते 'रीड-इन'. मराठीत 'सत्याग्रह' नेमका असाच मागे जोडला जातो: नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३०चे मीठ आणि जंगल सत्याग्रह. तेव्हा किनारा सत्याग्रह, प्रार्थना सत्याग्रह, वाचन सत्याग्रह हे शब्द बिचकत वापरायची गरज नाही, खुशाल वापरावेत. मात्र 'टीच-इन' या साच्यात बसवू नका. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रात्रभर व्याख्यानं आणि चर्चा झाल्या, त्यात कुठलीही बंदी मोडायची नव्हती. तिथे 'निषेध व्याख्यानं' किंवा सरळ 'टीच-इन' चालेल.

'ठिय्या' मी पूर्ण बाद करत नाही. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या आणि आतून मागण्या पाठवल्या. बसणं दाराच्या आत असलं तरी ते साधन होतं आणि मागण्या वेगळ्या, म्हणून तिथे तो चपखल बसतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'विद्यार्थ्यांनी वुलवर्थच्या काउंटरवर बैठा सत्याग्रह केला.' पुढच्या परिच्छेदात तेच पुन्हा आलं, तर नुसतं 'विद्यार्थी दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले' एवढं पुरे.